शिळे पाणी

विमलाबाईंना जाऊन वर्ष झाले होते, आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसे आदल्या संध्याकाळीच पांगली होती. अंगणातला मांडव मात्र अजून उतरला नव्हता, आणि त्याच्या पांढऱ्या कापडाखाली पहाटेचा उजेड मळक्या दुधासारखा साचून राहिला होता. रंगनाथ उठले. बुद्धमूर्तीपुढच्या विझलेल्या मेणबत्त्यांचे ओघळ त्यांनी नखाने खरवडून काढले आणि गेले वर्षभर ज्या कामाने त्यांचा दिवस उजाडत आला होता त्या कामाला ते लागले.

नळ यायच्या आधी घरातली भांडी रिकामी करायची. तांब्याचा हंडा, पितळेच्या दोन कळश्या, स्वयंपाकघरातला माठ. कालचे पाणी समोरच्या दाराने गटारीत ओतायचे, भांडी घासायची आणि नळाखाली ताजे भरायचे. नाशिकरोडच्या या वसाहतीत घर उभे राहिले, अंगणात स्वतःचा नळ आला, त्याच दिवशी रंगनाथांनी नियम घालून दिला होता, की या घरात शिळे पाणी कुणी पिणार नाही. बायकोने, विमलाबाईंनी, तो मरेपर्यंत पाळला. रंगनाथ अंथरुणातूनच ऐकत. उंबऱ्यापलीकडे पाणी पडे, फरशीवरून खळाळत जाई, आणि त्या आवाजाने त्यांच्या आत कुठेतरी लहानपणापासून ताठ उभे असलेले एक पोर हळूच खाली बसे. प्रेसमधल्या नोकरीने, मुलांच्या शिक्षणाने, दारावरच्या नावाच्या पाटीने जे दिले नव्हते ते या आवाजाने दिले होते. आपल्या दारी सांडण्याइतके पाणी आहे.

विमल गेल्यावर त्यांनी हे काम सुनेच्या हाती लागू दिले नाही. ते तिचे काम होते, म्हणून आता आपले. हंडा उचलताना कंबरेत कळ येई, पण त्या कळेतही सोबत होती. जिथे तिचे हात लागले तिथे आता आपले लागतात, असे ते मनाशी म्हणत.

मागच्या परसातले कागदी लिंबू मात्र या वर्षात वाळले. उन्हाळा होताच, पण उन्हाळे त्या झाडाने पुष्कळ पाहिले होते. आधी पाने पिवळी पडली, मग काटेच उरले. कालच्या कार्यक्रमात बोलायला उभे राहिल्यावर रंगनाथ म्हणाले होते, "माणसांनी अश्रू पुसले, पण झाडाला पुसता आले नाहीत. विमलच्या मागे ते लिंबूही गेले." समोरच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले होते. मुलगा गोरक्ष आणि त्याची बायको लता मात्र खाली सतरंजीकडे पाहत राहिली होती. पोरांचे दुःख अबोल असते, असे रंगनाथांना तेव्हा वाटले होते.

त्यांनी माठ ओतला. हंडा ओतला. एक कळशी ओतली. दुसरी उचलणार, तोच ओट्यावरच्या वाकळेतून आवाज आला.

"काय करतो रं रंगा?"

सगुणाबाई उठून बसल्या होत्या. रंगनाथांची ही थोरली बहीण विंचूरच्या पलीकडच्या गावाहून कार्यक्रमाला आली होती, आणि या खेपेस परत जाणार नव्हती. गावातली विहीर आटून तळ दिसू लागला होता, टँकर लहर लागेल तेव्हा येई, आणि विधवा म्हाताऱ्या बाईने रांगेत किती उभे राहायचे? कालच सगळ्यांनी धरून बसवल्यावर ती हो म्हणाली होती. शेळी तर ती येतानाच शेजारच्या बायडाबाईच्या दावणीला बांधून आली होती. म्हणजे मनाने आधीच निघाली होती.

"नळ यायची वेळ झाली आक्का. भांडी रिकामी करतो."

"रिकामी करून नेतो कुठं?"

"न्यायचंय कुठं? शिळं आहे."

सगुणाबाई हसल्या. भाऊ थट्टा करतो आहे असे त्यांना वाटले असावे. मग त्यांनी उंबऱ्याखालून गटारीकडे गेलेला ओला पट्टा पाहिला आणि त्यांचे हसू विरले.

"सगळं इथं ओतलंस? अरे, पण विमल तर..."

त्या थांबल्या. दारात लता येऊन उभी राहिली होती, आणि तिने अगदी थोडी मान हलवली. रंगनाथांनी ती हालचाल पाहिली. तिचा अर्थ त्यांना लागला नाही.

"विमलही हेच करायची," ते म्हणाले. "जन्मभर."

सगुणाबाई सरपटत पुढे आल्या आणि त्यांनी उरलेल्या कळशीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"ही राहू दे."

"आक्का, नळ येतोय आता."

"येऊ दे की. आला तर ताजं पी. नळ काय सासऱ्यानं आंदण दिलाय तुला, म्हंजे येणारच? आमच्याकडं पोरीसोरी परातीत बसून अंघोळ करत्यात. ते पाणी धुण्याला, धुण्याचं सड्याला. तांदळाचं धुवण शेळीला. आन तू हंडाच्या हंडा..."

"तुमच्याकडे टँकर आहे. इथे नळ आहे."

"पाणी एकच हाय रं, बाबा."

रंगनाथांनी बहिणीचा हात बाजूला सारला नाही. तेवढी हिंमत त्यांना साठी उलटल्यावरही नव्हती. ते नळापाशी जाऊन उभे राहिले. नळाने आधी दीर्घ श्वास घेतला, मग नुसताच सुस्कारा सोडला. तोटीच्या कडेला एक थेंब आला, लोंबला आणि तिथेच राहिला.

वसाहतीतल्या बाया बादल्या घेऊन एकमेकींच्या अंगणात डोकावू लागल्या. गोरक्ष चौकातून बातमी घेऊन आला, तेव्हा ऊन मांडवावर चढले होते.

"मोठी पाईप फुटलीय. आज नळ नाही. उद्याचंही कुणी खात्रीनं सांगत नाही. आधीच कसाबसा अर्धा तास येत होता, आता तेही गेलं." त्याने ओळीने पालथी घातलेली भांडी पाहिली आणि त्याचा आवाज कडवट झाला. "आपलं झालं का ओतून?"

"एक कळशी आहे," लता म्हणाली. "आत्यांनी ठेवली म्हणून."

स्वयंपाकघरात सगळे जमले. कळशी मधोमध होती, आणि घरातली माणसे तिच्याभोवती अशी बसली होती, जसे एखाद्या आजाऱ्याजवळ बसावे. लताने त्यातले तांब्याभर पाणी चहाला घेतले, तेही कप मोजून. मालेगावला दिलेली सुला, रंगनाथांची मुलगी, अजून केस विंचरत होती. आत्याला इथे ठेवून घ्यायची कल्पना तिचीच. काल तिने ती लावून धरली होती, आणि गोरक्ष आढेवेढे घेत होता: जागा कुठे आहे, पाणी कुठे आहे, लतावर किती लादायचे. आज तो एकदम आत्याच्या बाजूचा झाला.

"आत्या, तुम्ही राहाच. या घरात कुणीतरी बाबांचा हात धरणारं पाहिजे. आमच्यात ती ताकद नाही."

"दादा, हे बोलायची ही रीत नाही," सुला म्हणाली. "कालच आईचा कार्यक्रम झाला."

"आईचाच कार्यक्रम झाला म्हणून बोलतोय."

"बाबा हे का करतात ते तुला ठाऊक नाही का? लहानपणी यांना गावच्या विहिरीला शिवू देत नव्हते. खाली थांबायचं. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. तेही काय, कालचं उरलेलं. ज्याच्या नरड्यात ते गेलंय त्याला विचार शिळं म्हणजे काय. पाण्यासाठी आपली माणसं महाडच्या तळ्यावर गेली होती, आणि तू हंडाभर पाण्याचा हिशेब मागतोस?"

रंगनाथांना लेकीचे बोलणे ऐकून भरून आले. हे ते स्वतः कधी एवढ्या सरळ बोलू शकले नव्हते. त्यांच्या स्मरणात ती विहीर होती, दगडी पायऱ्या, खाली आपण आणि वर आभाळाला टेकलेली एक बाई, तिच्या हातातली तिरकी होत जाणारी घागर. घे गं, शिळं हाय, नायतरी ओतायचंच व्हतं. ते वाक्य पन्नास वर्षे त्यांच्या घशात कुसळासारखे रुतून होते. रोज सकाळी गटारीत पाणी पडले की ते कुसळ क्षणभर सैल होई.

"शिळं आपण प्यायलो," ते म्हणाले. "माझ्या घरात दुसरं कुणी पिणार नाही. यात माझी काय चूक आहे, सांगा."

लताने कपबशा गोळा केल्या, त्या धुवायला पाणी नाही हे आठवून पुन्हा खाली ठेवल्या. मग पाठ फिरवूनच म्हणाली, "बाबा, आई कधी ओतत नव्हत्या."

"काय?"

"तांब्याभर ओतायच्या. दारात उभ्या राहून, उंचावरून. तुम्हाला ऐकू जावं म्हणून. बाकीचं सगळं आम्ही दोघी मागच्या दारानं न्यायचो. लिंबाला, अळवाला. उरलं तर मोरीच्या पिंपात, भांड्यांना. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मला शिकवलं त्यांनी. म्हणाल्या, त्यांना आवाज लागतो गं, पाणी नाही लागत."

चुलीवरच्या रिकाम्या भांड्याला अजून धग होती. कुठेतरी दोन बादल्या एकमेकींवर आदळल्या. रंगनाथांनी मुलाकडे पाहिले.

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं," गोरक्ष म्हणाला. आता त्याच्या आवाजातला कडवटपणा गेला होता, आणि ते ऐकणे अधिक कठीण होते. "आई गेली आणि तुम्ही स्वतः हंडे उचलायला लागलात. डोळे पुसत पुसत. आईचं काम करतोय म्हणत. काय सांगायचं होतं तुम्हाला?"

"आणि लिंबू..."

लताने मागच्या दाराकडे पाहिले. काल भरल्या मांडवात उच्चारलेले आपले वाक्य रंगनाथांना आठवले आणि त्यांचे कान तापले. झाड शोकाने वाळले नव्हते. तहानेने वाळले होते, आणि ते तहानेने वाळत असताना रंगनाथ रोज सकाळी, तिच्या आठवणीने गहिवरून, त्याच्या वाटणीचे पाणी दुसऱ्या दाराने बाहेर काढत होते. त्या झाडाच्या लिंबांचे लोणचे त्यांनी वर्षानुवर्षे खाल्ले होते. झाडाला पाणी कोण घालते हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. मुळे खोल असतात, एवढेच ते धरून चालले होते.

"आक्का, तुलाही ठाऊक होतं?"

"मला लोणच्याची बरणी यायची तिच्या हातची," सगुणाबाई म्हणाल्या. "आले की मीबी दोन हंडे न्यायची मागं. लय हसायचो आम्ही दोघी." त्यांनी हात झटकला. "पण ते जाऊ दे. बाईमाणूस घर चालवायला काय काय करतं. मला दुसरंच टोचलंय."

"काय?"

"ही सुला मघाशी बोलली ते. वरून ओतायची, तू ओंजळीत घ्यायचास. तू सांगितलंस तिला असं?"

"खोटं आहे का?"

"खरं हाय. पर तुझ्या ओंजळीत कुणी ओतलं रं? तू पायरीला यायचास तरी कवा? एकांदा आलास माझ्या मागं मागं, तेवढंच. आय मेल्यावर तू अंगणात खेळायचास, आन तहान लागली की बोंबलायचास. मी जायची. दिस उगवायच्या आत जायची, का तर पुढं उभं राह्यलं तर एखादी ओतून जाईल. ऊन डोक्यावर यायचं. पाय पोळायचे. मग कुणी ओतायचं, कुणी नाय. ते माझ्या डोक्यावरनं घरी यायचं. वाटंत एक थेंब सांडू दिला नाय मी कधी. आन तुझ्या ओंजळीत मी ओतायची."

रंगनाथांनी आपल्या तळहातांकडे पाहिले.

"त्या बाईनं ओतलं एका दमात, आन गेली," सगुणाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. उलट खाली खाली चालला होता. "मी उभी राह्यले दिसभर. तू तिचं ओतणं ध्यानात ठेवलंस रंगा. माझं उभं राहणं नाय ठेवलंस. तिनं शिळं म्हणलं, तूबी शिळंच म्हणत राह्यलास. इतकी वरसं, रोज सकाळी. मी आणलेलं पाणी व्हतं ते."

सुलाने आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आत्या, त्यांच्या मनात तसं नव्हतं."

"मनात नसंल बाई. गटारीत मातूर व्हतं."

त्या उठल्या आणि वाकळेची घडी घालू लागल्या. घड्या त्या फार नीट घालत होत्या, काठाला काठ जुळवून, आणि त्या नीटपणावरूनच सगळ्यांना कळले की बाई निघाली. सुला रडकुंडीला आली. गोरक्ष म्हणाला, "आत्या, ऊन झालंय, निदान आजचा दिवस." लताने पिशवी धरून ठेवली, पण जोर न लावता, जणू या घरातल्या बायांना जिथे जोर लावून उपयोग नसतो तिथे तो लावू नये हेही सासूनेच तिला शिकवून ठेवले होते.

रंगनाथ आत गेले. कळशीतले पेलाभर पाणी घेऊन ते बाहेर आले आणि ओट्यावर, बहिणीच्या समोर उभे राहून त्यांनी पेला तोंडाला लावला. पाणी घशाखाली उतरताना ते तिच्याकडे पाहत होते. लहानपणी कडू औषध घेतल्यावर शाबासकीसाठी पाहत, तसेच.

सगुणाबाईंनी सगळे पाहिले. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"मला दाखवायला पेलास व्हय? असं नको. तहान लागल्यावर पी."

"राहा आक्का. उद्यापासून एक थेंब बाहेर जाणार नाही."

"राह्यले असते रं. राहायलाच आले व्हते." त्यांनी परसाकडे, न दिसणाऱ्या झाडाच्या दिशेने पाहिले. "पर आता रोज तू हंड्याला हात लावलास की माझा जीव तिथं जाईल. आन तूबी माझ्याकडं बघून पाणी जपशील. दोघांनाबी ते जड जाईल. गावाकडं टँकर येतो तवा मला माझी जागा हाय रांगेत. उभं राहायची सवय हाय मला."

येवल्याकडे जाणाऱ्या गाडीला गर्दी होती. कांद्याची रिकामी पोती टपावर चढत होती. रंगनाथांनी खिडकीतून पिशवी आत दिली, जागा धरली, बहिणीला दंड धरून चढवले. बोलायचे पुष्कळ होते. विमल रोज मला एक आवाज देत राहिली आणि मी त्याला पाणी समजलो, हे सांगायचे होते. तुझे तळपाय पोळत असताना मी खेळत होतो, हेही. पण गाडी घरघरत होती आणि कंडक्टर घंटीची दोरी धरून उभा होता; रंगनाथांच्या तोंडून एवढेच निघाले, "शेळी कशी आहे?"

"बरी हाय," सगुणाबाई खिडकीतून म्हणाल्या. "गाभण हाय. जय भीम, रंगा. उन्हाचा फिरू नको."

गाडी वळणाआड गेल्यावरही ते तिथेच थांबले. मग पायीच घराकडे निघाले. डांबर वितळले होते. वाटेत कुठेच पाणी नव्हते. हॉटेलवाल्याने पेले पालथे घातले होते, पाणपोईचा रांजण कोरडा होता आणि त्याच्या तोंडावर कुणीतरी विटेचा तुकडा ठेवला होता. टाळूला जीभ चिकटू लागली. लहानपणी अंगणातून आपण जिच्यापायी बोंबलत होतो ती तहान ही, असे त्यांना जाणवले. मधली सगळी वर्षे ती कधी भेटलीच नव्हती, कारण आधी कुणीतरी उभे राहत होते आणि नंतर कुणीतरी दडवत होते.

घरी आले तेव्हा मांडव उतरला होता. अंगण एकदम उघडे आणि मोठे दिसत होते. ते सरळ कळशीपाशी गेले, पेला न शोधता तांब्याच बुडवला आणि उभ्याने प्याले. कुणी पाहत नव्हते. त्या पाण्याला शिळेपणाची चव नव्हती. पितळेची थोडी होती, काठावर राहिलेल्या घासणीच्या चिंचेची थोडी. बाकी ते पाणी होते. हे ज्याला सांगावे ते माणूस आता गाडीत होते, निफाडच्या पुढे कुठेतरी.

स्वयंपाकघरात लता थोड्याशा पाण्यात तांदूळ धूत होती. तिने पातेले कलते केले आणि हात मोरीकडे वळवला.

"थांब," रंगनाथ म्हणाले. "ते दे इकडे."

तिने पातेले त्यांच्या हातात दिले, आणि मागच्या दाराची कडी काढून दिली. त्या दाराने ते बऱ्याच महिन्यांनी बाहेर पडत होते. लिंबाच्या बुडाशी आळे अजून होते, हातांनी केलेले, काठ थापून गोल राखलेले. त्यात पानांचा चुरा साचला होता. रंगनाथ कंबर धरत खाली बसले आणि ते पांढुरके पाणी त्यांनी आळ्यात सोडले, हळूहळू, काठाकाठाने, जसे आवाज नको असलेल्या माणसाने सोडावे.

त्यांचे कान सवयीने उघडे राहिले होते. पण मातीने पाणी वरच्यावर घेतले. काही ऐकू आले नाही. ओली जागा क्षणभर काळी दिसली, मग तीही फिकी होत गेली, आणि ते पातेले हातात घेऊन तसेच बसून राहिले.